रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनी : आधी यंत्र की आधी इमारत?

दूरदिवा (धागाकर्ता)

कामानिमित्त वेल्सच्या सीमेकडे जाताना श्रूझबरी स्थानकावर गाडी बदलावी लागली. हाताशी सव्वा तास होता आणि तो सगळा मी फलाटाच्या टोकाला उभा राहून एकच इमारत पाहण्यात घालवला. सेव्हर्न ब्रिज जंक्शन हे तिचे नाव. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने 1903 साली बांधलेल्या या उंच, विटांच्या केबिनीत सिग्नल आणि सांधे (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सरकते रूळ) हलवणाऱ्या 180 लिव्हरची एका रांगेत जागा आहे. मेलबर्नची 191 लिव्हरची स्पेन्सर स्ट्रीट केबिन 2008 मध्ये बंद झाल्यापासून जगातील चालू यांत्रिक केबिनींमध्ये हीच सर्वांत मोठी मानली जाते. गाडी यायची झाली की वरच्या काचांआड एक माणूस रांगेच्या कडेने चालत जाई, थांबे, पाठीला किंचित बाक देऊन मागे झुके, आणि क्षणभराने दूरच्या खांबावरचा सिग्नलचा लाल हात हले. त्या दोन हालचालींना जोडणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे रुळांच्या कडेने गेलेली पोलादी तार.

तेव्हापासून एक विधान डोक्यात घोळते आहे, ते जाणकारांपुढे तपासायला ठेवतो. सिग्नल केबिन ही इमारत म्हणून कोणी आखलेलीच नाही; ती लिव्हरच्या चौकटीवर चढवलेला अंगरखा आहे. दोन लिव्हरमधले अंतर चार ते साडेपाच इंच असे, त्यामुळे लिव्हर किती हे ठरले की इमारतीची लांबी ठरली. लिव्हरच्या पायाशी असलेली कुलुपांची यंत्रणा आणि तारांच्या व दांड्यांच्या कप्प्या ठेवायला खाली एक खोली लागे, म्हणून कामाचा मजला आपोआप वर गेला. तो वर गेला म्हणून नजर डब्यांच्या टपावरून पलीकडे पोहोचू लागली. तीन बाजूंना काच का, याचे उत्तरही तेच आहे. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा दिवा केबिनवाल्याने स्वतः पाहायचा असे, कारण तो दिवा दिसला तरच गाडी मध्ये न तुटता अखंड गेली, असे धरता येई.

केबिनींची संख्याही यंत्रानेच ठरवली. सांधे हलवायला तार चालत नाही, ढकलता आणि ओढता येणारी ताठ लोखंडी दांडी लागते. ती लांबली की घर्षण वाढते, ऊन-थंडीने तिची लांबी बदलते आणि सांधा अर्धवट बसण्याचा धोका राहतो. म्हणून सांधा केबिनीपासून किती लांब असावा याला सरकारी मर्यादा होती. ती आरंभी दोनशे यार्डांच्याही आत होती आणि वाढत वाढत 1925 साली 350 यार्डांवर आली. मोठ्या स्थानकाच्या दोन टोकांना दोन केबिनी आणि मध्ये आणखी एखादी असे जे दृश्य दिसते, त्याचे मूळ माणसाच्या दंडातल्या जोरात आहे.

केबिनी येण्याआधी रुळांवर पोलीस उभे असत. हे रेल्वेचे स्वतःचे शिपाई गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटे थांबून पुढची गाडी सोडत. इंग्लंडात सिग्नलवाल्याला पुढेही कित्येक वर्षे पोलिसाचेच 'बॉबी' हे टोपणनाव चिकटून राहिले. घड्याळावर विसंबलेल्या या पद्धतीचा फोलपणा 25 ऑगस्ट 1861 रोजी ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात दिसला. सिग्नल आपोआप 'धोका' दाखवण्याच्या स्थितीत परतला नाही, दुसऱ्या गाडीच्या चालकाला लाल बावटा ओझरता दिसला आणि त्याने बोगद्यातच गाडी थांबवून मागे घ्यायला सुरुवात केली. पलीकडच्या शिपायाने पहिल्या गाडीबद्दल तारेने कळवलेले 'बोगदा मोकळा' हे उत्तर अलीकडच्याने दुसऱ्या गाडीचे समजून तिसरी गाडी आत सोडली. 23 माणसे गेली. दोन गाड्यांमध्ये वेळेऐवजी अंतर राखायचे, म्हणजे एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा ब्लॉक पद्धतीचा नियम यानंतर जोर धरू लागला, तरी तो सर्वत्र सक्तीचा व्हायला 1889 साल उजाडले. त्या वर्षी 12 जूनला आयर्लंडमधील आर्माजवळ सहलीच्या गाडीला अपघात होऊन सुमारे 80 जण मरण पावले, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ब्लॉक, इंटरलॉकिंग (लिव्हरनी एकमेकांना अडवण्याची कुलुपे) आणि सर्व डब्यांना एकदम लागणारे अखंड ब्रेक या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या.

इंटरलॉकिंगचे श्रेय सरसकट जॉन सॅक्स्बीला देतात, ते पूर्ण खरे नाही. त्याच्या 1856 च्या पेटंटमध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र हलत. एक लिव्हर पूर्ण बसल्याशिवाय दुसरा सुटणारच नाही, अशी खरी क्रमबद्ध अडवणूक 1859-60 च्या सुमारास केंटिश टाउन जंक्शनवर ऑस्टिन चेंबर्सने करून दाखवली. धंदा मात्र सॅक्स्बीने ओळखला, आणि 1862 पासून 'सॅक्स्बी अँड फार्मर' हे नाव जगभरच्या लिव्हरवर ओतीव अक्षरांत दिसू लागले.

विटकाम

विधान आवडले, पण वास्तुरचनेच्या बाजूने थोडी तक्रार नोंदवतो. अंगरखा मान्य, परंतु एकाच मापाचा अंगरखा दहा कंपन्यांनी दहा तऱ्हांनी शिवला, हे यंत्राने ठरवलेले नव्हते.

मिडलंड रेल्वेने डर्बीच्या कारखान्यात लाकडी तावदानांचे ठरावीक मापाचे भाग तयार करून ते मालगाडीने जागेवर नेले. तिच्या केबिनीचे छप्पर चौपाखी, माथ्यावर टोकदार लाकडी कलश आणि कोपऱ्यांतल्या काचांना तिरपे छाटलेले वरचे कोन, त्यामुळे मिडलंडची केबिन अर्ध्या मैलावरून ओळखता येते. नॉर्थ वेस्टर्नची केबिन विटांच्या जोत्यावर उभी, दुपाखी आणि काटकसरी दिसते. अन्य काही कंपन्यांनी दुपाखी छपराच्या कडेला नक्षी कापलेल्या फळ्या लावल्या, आणि त्या फळ्यांना खालच्या कुलुपांशी काही देणेघेणे नव्हते. विटा की लाकूड हा निर्णय मात्र पुष्कळदा जमिनीने घेतला. भरावावर किंवा दलदलीत विटांचे वजन खचे, तिथे जमिनीपासून वळचणीपर्यंत सगळे लाकडीच ठेवत.

तुमच्या बाजूचे सर्वांत चांगले पुरावे अडचणीच्या जागी सापडतात. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेला हेक्झम येथे रुळांशेजारी जागा मिळाली नाही, म्हणून 1896 च्या सुमारास तिने लोखंडी कमानीवर, थेट रुळांच्या डोक्यावर केबिन ठेवली. विलम येथेही तसेच केले. त्याच मार्गावर हॉल्टव्हिसल येथे खालचा भाग इतका अरुंद आहे की वरचा मजला दोन्ही अंगांनी बाहेर आला आहे आणि सारी इमारत खांद्यावर गाठोडे घेतलेल्या हमालासारखी दिसते.

पुढे दोन वळणे आली. 1930 च्या दशकात सदर्न रेल्वेने गोलाकार कोपरे, सपाट काँक्रीट छत आणि सलग काच असलेल्या केबिनी बांधल्या. वोकिंगची 1937 ची केबिन त्या घराण्यातली. दोनच वर्षांत युद्ध सुरू झाले आणि तीच काच जिवावर बेतेल असे दिसू लागले. मग 14 इंची विटांच्या भिंती आणि जाड काँक्रीटचे छत असलेल्या बॉम्बरोधी केबिनी आल्या. क्रू येथील उत्तर जंक्शनची तशी केबिन आज संग्रहालयात उभी आहे. काच कमी झाली, भिंत वाढली, आतली कामाची रीत फारशी बदलली नाही. म्हणजे अंगरखा काळानेही शिवला, एवढेच म्हणणे आहे.

अनुस्वार

दोघांचेही आभार. माझे रेल्वेचे ज्ञान खिडकीतून पाहण्यापुरते आहे, म्हणून तीन साधे प्रश्न विचारते. छायाचित्रांत केबिनवाला लिव्हर ओढताना हातात नेहमी फडके धरलेला दिसतो, ते कशासाठी? लिव्हरना निरनिराळे रंग का देतात? आणि एवढी कुलुपे असूनही या केबिनींच्या चुकीने अपघात झालेच ना, ते कसे? आपल्याकडच्या केबिनी याच पद्धतीच्या होत्या का, हा चौथा प्रश्न म्हणून जोडते.

सांधेवाला

बत्तीस वर्षे सिग्नल खात्यात काढली, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क माझा समजतो. तिसरा दूरदिवा यांच्यासाठी ठेवतो.

फडके लिव्हरसाठी असते, हातासाठी नव्हे. मूठ उघड्या घासलेल्या पोलादाची असते. घामाचा ओला हात लागला की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके उठतात. नव्या पोराने उघड्या हाताने मूठ धरली, तर आमचे जुने केबिनवाले तोंडाने काही न बोलता त्याच्या हातात फडके आणि पॉलिशची डबी ठेवत. संपूर्ण रांग घासून होईपर्यंत त्या पोराला पुन्हा सांगावे लागत नसे.

रंगांचा हिशेब सोपा आहे. थांबवणाऱ्या सिग्नलचा लिव्हर लाल, सांध्याचा काळा, सांधा जागेवर जखडणाऱ्या कुलपाचा निळा, फाटकाचा तपकिरी आणि रिकामा असेल तर पांढरा. मार्ग तयार करण्याचा क्रम त्या रंगांतून वाचता येतो : आधी काळा, मग निळा, शेवटी लाल. हा क्रम चुकवायचा म्हटले तरी चुकवता येत नाही, कारण खालच्या खोलीत प्रत्येक लिव्हरला जोडलेली खाचांची पोलादी पट्टी असते आणि त्या खाचांत आडवे ठोकळे सरकून बसलेले असतात. निळा पूर्ण बसला नसेल, तर लालचा ठोकळा खाचेत अडकून राहतो. लिव्हर जागचा हलत नाही, तेव्हा हाताला जे कळते ते कोणत्याही दिव्यापेक्षा स्पष्ट असते. गाडी सांध्यावरून जात असताना निळा लिव्हर कोणी हलवू नये, म्हणून रुळाला लागून एक लांब पट्टी असे. चाके वर असेतो ती उचलली जाऊच शकत नसे.

आपल्याकडे चौकटी आल्या त्या इंग्लंडातूनच, आणि पुढे सॅक्स्बी अँड फार्मरचा कारखानाच कलकत्त्यात निघाला. कामाची विभागणी मात्र वेगळी झाली. इंग्लंडात केबिनवाला आपल्या टप्प्याचा मालक. शेजारच्या केबिनीशी तोच घंटेने बोलणार, तोच गाडी स्वीकारणार. आपल्याकडच्या वाटेवरच्या स्थानकांत गाडी घ्यायची की नाही हे सामान्यतः स्टेशन मास्तर ठरवी आणि दोन टोकांच्या केबिनी त्याच्या परवानगीने चालत. मास्तरने आपल्या खोलीतून किल्ली किंवा सरकपट्टी सोडल्याशिवाय टोकाच्या केबिनीतला सिग्नलचा लिव्हर निघत नसे. म्हणून आपल्या जुन्या केबिनी बहुधा लहान, साध्या, जोडीने बांधलेल्या आणि स्थानकाच्या इमारतीपुढे दुय्यम दिसतात. विटकाम यांच्या यादीत हेही कारण घालावे : अधिकार जिथे कमी, तिथे नक्षीही कमी.

घंटेची भाषाही निराळी झाली. ब्रिटिश केबिनीत चार ठोके म्हणजे 'एक्स्प्रेससाठी लाइन मोकळी आहे का', कारण तिथे गाडीच्या जातीप्रमाणे ठोके बदलत. आपल्याकडे दोन ठोक्यांनी लाइन क्लिअर मागायची, तीन ठोके गाडी निघाल्याचे आणि चार ती पोहोचल्याचे. सहा ठोके मात्र दोन्हीकडे एकाच अर्थाचे : मार्गात अडथळा, सगळे थांबवा.

एकेरी मार्गावर नीलच्या यंत्रातून निघणारा धातूचा गोळा हाच गाडीचा परवाना असे. तो दोन्ही टोकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच निघे. वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतून तो धावत्या इंजिनावर दिला जाई.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र खरी कसरत असे. हजार यार्डांची तार दुपारी सैल पडे, मग लिव्हर पूर्ण ओढूनही हात अर्धवटच झुके आणि चालक शिट्या मारत बाहेर उभा राही. दुपारी तार ताणून घ्यायची आणि रात्री गारव्याने ती आखडली की पुन्हा सोडायची. सोडायला विसरलो, तर लिव्हर जागेवर असतानाही हात जरासा झुकलेला राही, आणि हे पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट. आपल्या बोलण्यात 'सिग्नल पडला' म्हणजे गाडीला वाट मिळाली, तो शब्दप्रयोग याच खाली झुकणाऱ्या हातामुळे रूढ झाला.

दिव्याची एक गंमत सांगून थांबतो. हाताच्या मागच्या चौकटीतली 'हिरवी' काच दिवसा पाहिली तर चक्क निळसर दिसे. रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीपुढे ती आली की रात्री हिरवा प्रकाश पडे.

घाटवाट

सांधेवाला यांच्या 'अधिकार कमी' या मुद्द्याला घाटातल्या केबिनी अपवाद ठरतात. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये आणि थळघाटाचा 1865 मध्ये सुरू झाला, आणि दोन्हींचा सर्वाधिक चढ 37 फुटांना एक फूट आहे. पळसदरी ते खंडाळा यांच्या मधली जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे प्रवाशाला स्थानकांची वाटतात, परंतु तिथे गाव नसल्यातच जमा. ती आहेत गाड्या चालवण्यासाठीची ठाणी. कसाऱ्याच्या घाटात तर नुसते टीजीआर-1, 2, 3 असे क्रमांकच आहेत.

इथे सांध्याची नेहमीची स्थिती उलटी ठेवलेली असते. उतरणाऱ्या गाडीसाठी तो मुख्य मार्गाकडे नसतो. डोंगराच्या अंगाने वर चढत जाऊन संपणाऱ्या कॅच सायडिंगकडे असतो. गाडी आधी थांबते, ती चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध होते, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबलीच नाही, तर ती आपोआप चढावर जाऊन वेग गमावते. पावसाळ्यात घाटातून उतरताना गाडी धुक्यात काही कारण नसल्यासारखी थांबते आणि मग सावकाश निघते, ते कारण हेच. अनेकांना तो खोळंबा वाटतो.

दूरदिवा

अनुस्वार यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका सकाळीत सामावलेले आहे, म्हणून ती सकाळच सांगतो. 22 मे 1915, स्कॉटलंडच्या सीमेवरील क्विंटिन्सहिल केबिन. रात्रपाळी सकाळी सहाला संपायची. पण दोघा केबिनवाल्यांनी आपसांत ठरवले होते की दिवसपाळीवाल्याने स्थानिक गाडीने यायचे असेल तेव्हा साडेसहापर्यंत उशीर चालेल. सहानंतरच्या नोंदी रात्रपाळीवाला वहीत न लिहिता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवी, म्हणजे दुसऱ्याला त्या आपल्या अक्षरात उतरवता येत आणि उशीर उघड होत नसे.

त्या दिवशी दिवसपाळीवाला ज्या गाडीने आला, तीच स्थानिक गाडी केबिनीसमोर चुकीच्या दिशेच्या रुळावर उभी करून ठेवलेली होती. तो नोंदी उतरवत बसला, रात्रपाळीवाला वर्तमानपत्र घेऊन तिथेच रेंगाळला. रूळ व्यापलेला असताना संबंधित लिव्हरच्या मुठीवर लोखंडी कडे चढवायचे, म्हणजे तो चुकूनही ओढला जात नाही, असा नियम होता; ते कडे कोणी चढवले नाही. उभ्या गाडीचा फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा) नियमाप्रमाणे केबिनीत येऊन वहीत सही करून गेला, त्यानेही कड्याकडे पाहिले नाही. मग दिवसपाळीवाल्याने सैनिकांच्या गाडीला वाट दिली. खिडकीतून दिसणारी, ज्यातून तो स्वतः नुकताच उतरला होता ती गाडी तो साफ विसरला. सैनिकांची गाडी तिच्यावर आदळली, काही क्षणांत विरुद्ध दिशेची एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली, आणि लाकडी डब्यांतल्या दिव्यांच्या गॅसने आग भडकली. दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक रॉयल स्कॉट्सचे सैनिक होते. दोन्ही केबिनवाल्यांना तुरुंगवास झाला.

कुलुपे त्या दिवशी चोख होती. पण लिव्हर एकमेकांना ओळखतात, रुळावर उभी असलेली गाडी त्यांना दिसत नाही. ती दिसण्यासाठी रुळांतून वीज खेळवणारे ट्रॅक सर्किट लागते; अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने त्याचे पेटंट 1872 सालीच घेतले होते, परंतु क्विंटिन्सहिलच्या त्या रुळांवर ते नव्हते. आणि इथे माझ्याच विधानाला थोडा तडा जातो, हे कबूल करतो. ट्रॅक सर्किट आल्यावर केबिनवाल्याच्या नजरेची गरज उरली नाही, विजेच्या मोटारी आल्यावर दंडाचीही उरली नाही, तरी नव्या केबिनी पुढची कित्येक वर्षे उंच आणि काचेच्याच बांधल्या गेल्या. विटकाम यांना हा मुद्दा मी मोकळ्या मनाने देतो.

विटकाम

मिळालेला मुद्दा पदरात पाडून घेतो, आणि त्याचे टोकाचे उदाहरण देतो. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटची 1966 ची केबिन बिकनेल आणि हॅमिल्टन यांनी नालीदार काँक्रीटच्या तुकड्यांत रचली. आत लिव्हर एकही नाही, बटणे आणि रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच. तरीही ती रुळांकडे पाहत उभी आहे. ती 1995 मध्ये वारसा यादीत गेली आणि 2022 च्या अखेरीस तिचे काम थांबले.

जतनाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. ब्रिटनमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस दहा हजारांहून अधिक केबिनी होत्या. 2013 च्या सुमारास पाचशेच्या आत उरल्या, आणि त्या वर्षी 26 केबिनींना एकदम वारसा दर्जा देण्यात आला. दर्जा मिळाला तरी पेच सुटत नाही. इमारत जागेवर ठेवून चौकट काढून नेली, तर उरते ते एका बाजूला फार काचा असलेले लांबट खोके, ज्याला जिना बाहेरून आहे आणि ज्याच्या दारापासून दोन हातांवरून गाड्या धावतात. त्यात चहाचे दुकानही नीट चालत नाही. सेंट ऑल्बन्सची 1892 ची मिडलंड केबिन स्थानिक हौशी मंडळींनी चौकटीसह दुरुस्त करून लोकांना खुली केली, आणि तिथे पाहणारा माणूस लिव्हर ओढून पाहू शकतो, म्हणून तिला अर्थ राहिला. दूरदिवा यांचे मूळ विधान जतनाच्या बाबतीत मी शब्दशः मान्य करतो.

अनुस्वार

आता आणखी एकच शंका. एका केबिनीला दोन-तीन शेजारी असतील आणि घंटा एकदम वाजल्या, तर कोणता शेजारी बोलावतो आहे, हे पाठमोऱ्या माणसाला कसे कळे?

सांधेवाला

आवाजावरून. प्रत्येक घंटेची वाटी वेगळी बसवत. एक थाळीसारखी चपटी, एक उभट, एखादी नुसती गुंडाळलेल्या तारेची, तिचा आवाज घड्याळातल्या टोल्यासारखा घुमे. आठवडाभरात कानाला सवय होई. आमच्याकडे एका केबिनीत दोन्ही घंटा दुरुस्तीनंतर चुकून सारख्याच आवाजाच्या बसवल्या गेल्या. तिथल्या केबिनवाल्याने तक्रार लिहिली नाही, एका घंटेला सुतळीचे दोन वेढे मारले आणि काम पुढे चालू ठेवले. तपासणीला गेलो तेव्हा ती सुतळी मीच सोडली, आणि संध्याकाळपर्यंत नवी वाटी आणून बसवली.